मदत हवी आहे: नाशिकमध्ये एकट्या माणसाने संध्याकाळी करायचं काय?

नमस्कार मंडळी. वय ३२, अविवाहित. अंबड एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून पाच महिन्यांपूर्वी पुण्याहून इथे आले. शहर मनापासून आवडलंय. हवा छान, ऑफिसला वीस मिनिटांत पोचते. पण ओळखी होतच नाहीयेत हो!

ऑफिसातले सगळे संसारी, सहा वाजले की घरी पळतात. परवा रविवारी एकटीच मिसळ खायला गेले. वेटरने चार ग्लास पाणी ठेवलं आणि म्हणाला, "बाकीचे आले की ऑर्डर घेतो." मी मान डोलावली आणि दहा मिनिटं तशीच बसून राहिले, काय सांगू!

कॉलेज रोडला गर्दी असते, पण ती विशीतल्या पोरांची. गंगापूर धरणाकडच्या वायनरीत शनिवार-रविवारी जान असते खरी, पण निम्म्या गाड्या एमएच ०२ नाहीतर एमएच १२, म्हणजे मुंबई-पुण्याच्या. डेटिंग अ‍ॅपवरही तेच, चार दिवसांत तेच चेहरे फिरून येतात. (त्यातला एक आमच्याच ऑफिसचा निघाला.)

तर विचारायचंय: अंजनेरी, ब्रह्मगिरीच्या डोंगरांवर ट्रेकला नियमित जाणारा, अनोळखी माणसाला सामावून घेणारा ग्रुप आहे का? कालिदास नाट्यगृहात नाटकाला एकटं येणारं कोणी? हौशी नाटकवाल्यांना मदतनीस लागतो का? पडदा ओढायचीही तयारी आहे.

"लग्न कर, सगळं ठीक होईल" हे घरमालकीण काकू रोज सांगतात, तेवढं सोडून सुचवा.