टीव्ही: ३२ की ४२? आई-बाबा शनिवारी येताहेत
(कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळाच्या मेल-लिस्टवरून)

मेधा, सोमवार, १६ नोव्हेंबर २००९

मंडळी,
आमचा २७ इंची ट्यूब टीव्ही काल रात्री गेला. आधी चित्र गेलं, तासाभराने आवाजही. आई-बाबा शनिवारी उतरताहेत, मुक्काम सहा महिने. आईची संध्याकाळ डिशवरच्या मराठी चॅनेलसमोर जाते हे सगळ्यांना माहीतच आहे (हळदीकुंकवाला मालिका संपल्यावर आली होती, तीच आई). बजेट ६०० डॉलर, टॅक्स धरून. ३२ इंची पुरेल ना? जुना २७ होता, म्हणजे मोठाच की. सोफा ते भिंत १० फूट. पॅशियोचं (मागच्या ओट्याचं) काचेचं दार बरोब्बर टीव्हीच्या समोर.
अनिरुद्ध, तुझी ती टीव्हींची तुलना केलेली एक्सेल शीट आहे का अजून?

अनिरुद्ध, सोमवार

शीट २००७ ची आहे, त्यातलं काहीच आता मिळत नाही. पायोनियरने तर यंदा टीव्हीचा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. माझ्यासारख्या त्यांच्या भक्तांनी काय करायचं, असो.
सरळ ४२ इंची प्लाझ्मा घे (सपाट पडदा, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो), ७२०पी (हा आकडा चित्रातल्या आडव्या ओळींचा). १०८०पीला जास्तीचे पैसे घालू नकोस, १० फुटांवरून ४२ इंचीत तुला फरक दिसणार नाही, आईला तर नाहीच. प्लाझ्मात काळा रंग काळा दिसतो, क्रिकेटमध्ये चेंडूला शेपटी येत नाही आणि बाजूच्या खुर्चीवरून पाहिलं तरी रंग उडत नाहीत. दुकानात उभं राहून ठरवू नकोस. तिथे सगळे सेट भगभगीत करून ठेवलेले असतात. यंदा ‘एलईडी टीव्ही’ म्हणून जे खपवताहेत तेही एलसीडीच, म्हणजे मागून दिवा लावलेला पडदा, फक्त तो दिवा बदललाय.
आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारपर्यंत थांब, तेव्हा मोठे सेल लागतात. २७ तारीख.

मेधा, सोमवार

२७ पर्यंत आई काय बघेल? मला?

विद्याताई, मंगळवार, १७ नोव्हेंबर

मेधा, प्लाझ्मा अजिबात घेऊ नकोस. समोर काचेचं दार म्हणतेस आणि प्लाझ्माला पुढून काच. दुपारी मालिकेत आईंना पॅशियोवरची तुळस दिसेल.
शिवाय अनिरुद्धने मुख्य गोष्ट सांगितलीच नाही. मराठी चॅनेल चौकोनी येतं, ४:३ (रुंदी चार तर उंची तीन). रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे. आमच्याकडे सासूबाई गेल्या वर्षी पाच महिने होत्या, आमच्या प्लाझ्मावर रोज सहा-सात तास टीव्ही. त्या गेल्यावर आम्ही पहिल्यांदा पडदाभर क्रिकेट लावलं, तर मधला चौकोन मळकट आणि कडेचे दोन पट्टे लख्ख! कोपऱ्यात हिरवळीवर चॅनेलच्या लोगोचं भूत. कंपनीला फोन केला तर ‘हे वॉरंटीत बसत नाही’. ते भूत अजून आहे, येऊन बघा कोणीही.

अनिरुद्ध, मंगळवार

विद्याताई, तुमचा सेट जुना. नव्या पॅनेलमध्ये चित्र एकेक पिक्सेल (ठिपका) सरकवत राहतात. पहिले १०० तास कॉन्ट्रास्ट कमी ठेवायचा, मग एवढा त्रास होत नाही. आणि पट्टे नको असतील तर स्ट्रेच करा, म्हणजे चित्र आडवं ताणा.

विद्याताई, मंगळवार

स्ट्रेच केलं की नायिकेची पुरणपोळी होते. आणि आईंना पहिले १०० तास कॉन्ट्रास्ट समजावायला तू येणार आहेस का?

बापूकाका, मंगळवार, रात्री

चि. मेधा,
तुमच्या वादात मूळ हिशेब कोणीच केला नाही. जन्मभर पुलांचे नकाशे काढले, त्यामुळे राहवलं नाही. इंच कर्णावर मोजतात. ३२ इंची रुंद टीव्हीची उंची फक्त १५.७ इंच. तेवढ्या उंचीत चौकोनी चित्र बसवलं तर त्याचा कर्ण होतो २६ इंच. तुमचा जुना टीव्ही २७ होता. म्हणजे पैसे खर्चून आईची मालिका पूर्वीपेक्षा *लहान* होणार, आणि ते त्या पहिल्या पाच मिनिटांत ओळखतील. ३७ इंचीवर चौकोनी चित्र ३० इंच पडतं, ४२ वर ३४. तेव्हा ३७ च्या खाली जाऊ नये.
प्लाझ्मा ३७ च्या आसपास फारसे मिळत नाहीत, त्यामुळे तोही वाद मिटतो.

मेधा, मंगळवार, रात्री

अगं बाई! काका, धन्यवाद. मी आज ३२ ची ऑर्डर देणारच होते.

संजय, बुधवार, १८ नोव्हेंबर

आमच्याकडे सोनीचा ३६ इंची ट्यूब टीव्ही आहे, उत्तम चालतो, फुकट. चौकोनीच आहे, पट्ट्यांचा प्रश्नच नाही. वजन २०० पौंडांच्या वर. न्यायला चार माणसं आणा. तीन चालणार नाहीत, आम्ही प्रयत्न केलाय. आमचा हॉल वरच्या मजल्यावर आहे.

सुहास, बुधवार

मेधा, आई-बाबा परत जाताना टीव्ही पुण्याला नेता येईल असा घ्या की.

विद्याताई, बुधवार

सुहास, हे २००६ मध्ये झालंय ना सगळं लिस्टवर? इथला सेट ११० व्होल्टचा आणि एनटीएससी (अमेरिकेतली प्रक्षेपणाची पद्धत), तिकडची केबल पाल (भारतातली पद्धत). माझ्या दिरांनी हौसेने नेला होता. ट्रान्सफॉर्मर लावून सुरू केला तर चित्र काळं-पांढरं आणि वरून खाली सरकतंय. शेवटी त्यावर गणपती बसवला.

शिरीष (खजिनदार), बुधवार, रात्री

आजच सॅक्रामेंटोला, राज्याच्या राजधानीत, नियम मंजूर झाला, कॅलिफोर्नियात प्लाझ्मा बंद. अनिरुद्धसारखे लोक वेळीच सावध झालेले बरे.
टीव्हीचा विषय निघालाच आहे म्हणून: दिवाळीच्या कार्यक्रमात जे झालं ते पाहता मंडळाने प्रोजेक्टर विकून एक ५० इंची घ्यावा का? कार्यकारिणीला अनौपचारिक मत हवंय.

बापूकाका, गुरुवार, १९ नोव्हेंबर

शिरीष, बातमी नीट वाचावी. राज्याच्या ऊर्जा आयोगाने टीव्हीने वीज किती खावी याची मर्यादा घातली आहे, प्लाझ्माचं नाव घेऊन बंदी नाही. नियम २०११ पासून, ५८ इंचांपर्यंतच्या सेटना, तोही नव्याने विकल्या जाणाऱ्या. घरातल्या टीव्हीला कोणी पकडायला येणार नाही.

अनिरुद्ध, गुरुवार

+१ काका.
शिरीष, दिवाळीला प्रोजेक्टरचा काही दोष नव्हता. दिवे चालू ठेवले होते आणि लॅपटॉपची केबल कोणीतरी आरतीच्या ताटाखाली ठेवली होती. ५० इंचीवर तिसऱ्या रांगेपलीकडे कोणाला काही दिसणार नाही.

शिरीष (खजिनदार), गुरुवार

‘कोणीतरी’ म्हणजे कोण, हे बैठकीत बोलू.

मॉडरेटर, गुरुवार

कृपया प्रोजेक्टरसाठी वेगळा विषय सुरू करा. ज्यांना दिवसाचं एकत्रित मेल जातं त्यांची तक्रार आली आहे. प्रत्येक उत्तराखाली आधीचा सगळा धागा चिकटवू नका.

सुहास, गुरुवार

पण एचडीएमआयने (चित्र-आवाजाच्या केबलने) डीव्हीडी तरी चालेल ना पुण्यात?

मेधा, शुक्रवार, २० नोव्हेंबर

घेतला! ३७ इंची एलसीडी, ७२०पी, पडदा मॅट, न चकाकणारा. कॉस्टको या दुकानातून, कारण टीव्ही ९० दिवसांत परत घेतात आणि वॉरंटी दोन वर्षांची होते. ४७९ अधिक ९.७५ टक्के टॅक्स अधिक २५ डॉलर रिसायकलिंग फी (३५ इंचांपासून पुढे २५, हे कोणी बोललंच नाही), झाले ५५०.७०. सनीवेल गावात टॅक्स अर्धा टक्का कमी, पण अडीच डॉलरसाठी ८८० हायवेवर कोण रखडेल? दुकानदार ७० डॉलरची केबल लावतात म्हणे, अनिरुद्धने त्याच्याकडची जास्तीची दिली. अनिरुद्ध, थँक्स, आणि तोंड पाडू नकोस.

अनिरुद्ध, शुक्रवार

पाडलं नाहीये. काळा रंग राखाडी दिसला तर मला फोन करू नकोस एवढंच.

मेधा, सोमवार, ३० नोव्हेंबर

अपडेट. शनिवारी जेट लॅगमध्येही आई टीव्हीसमोर. पहिलं वाक्य, ‘चित्र जुन्याइतकंच आहे गं, बाकीचं काळं का?’ काका, नमस्कार.
मग बाबांना रिमोटवर चित्राचा आकार बदलायचं बटण सापडलं. बाबांना पट्टे म्हणजे फुकट गेलेले पैसे वाटतात, ते झूम लावतात. झूममध्ये बातम्यांची खालची पट्टी कापली जाते, मग ते स्ट्रेच लावतात. आई म्हणते सगळ्या सुना फुगल्या. तीन दिवस हेच. काल मी त्या बटणावर चिकटपट्टी लावली. बाबांना वाटतंय बटण बिघडलंय आणि ते ९० दिवस मोजताहेत.

विद्याताई, सोमवार

आमच्याकडेही चिकटपट्टीच आहे.

संजय, सोमवार

३६ इंची अजून आहे. आता दोन माणसांचा खर्च मी देतो.