'क्लासिकला हात लावू नका' म्हणणाऱ्यांनी आधी 'अंगूर'चा इतिहास बघावा

शेवटची रांग

जुन्या विनोदी सिनेमाचा रिबूट (तीच गोष्ट नव्याने काढलेली) येतोय अशी कुणकुण लागली, की टीझर यायच्या आधीच निकाल लागलेला असतो. बालपणाची वाट लावली, यांच्याकडे नवं काही सुचतच नाही, क्लासिकला हात लावू नका. 2013 च्या 'चश्मे बद्दूर'ला हेच, 'अंगूर'चीच गोष्ट घेतलेल्या 2022 च्या 'सर्कस'लाही हेच. दोन्ही सिनेमे मलाही आवडले नाहीत, पण लोक ज्या कारणासाठी चिडतात ते कारण मला पटत नाही.

'अंगूर' आपण सगळ्यांनी देव्हाऱ्यात बसवलाय. पण 1982 च्या त्या सिनेमाआधी 1968 मध्ये 'दो दूनी चार' येऊन गेला होता. गोष्ट तीच, जुळ्यांच्या दोन जोड्यांच्या गोंधळाची, किशोरकुमार आणि असित सेन दुहेरी भूमिकांत, दिग्दर्शन देबू सेन यांचं आणि लेखणी गुलजारांचीच. तो साफ पडला. त्याच्याआधी 1963 मध्ये उत्तमकुमारचा बंगाली 'भ्रांतिबिलास', त्यामागे ईश्वरचंद्र विद्यासागरांचं पुस्तक, त्यामागे शेक्सपिअरचं नाटक, आणि शेक्सपिअरने तरी कुठे स्वतःच्या डोक्यातून काढलं? प्लॉटस नावाच्या रोमन नाटककाराकडून उचललं. गुलजारांनी 'गोष्ट एकदा होऊन गेली' म्हणून गप्प बसायचं ठरवलं असतं, तर संजीवकुमार आणि देवेन वर्मांचा तो जोड्यांचा गोंधळ आपल्या नशिबी नव्हता.

आपली लाडकी 'अशी ही बनवाबनवी' (1988) सुद्धा हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून (1966) आली आहे. तेव्हा मूळ सिनेमाच्या चाहत्यांनी गळे काढले असते तर?

मध्यंतर

@शेवटची रांग, तुलनाच गंडलेली आहे. 'दो दूनी चार' पडला होता, 'बीवी और मकान' फारसा कुणाच्या लक्षात नव्हता. विसरलेली गोष्ट नव्याने सांगणं वेगळं आणि लोकांना तोंडपाठ असलेली गोष्ट त्याच नावाने विकायला काढणं वेगळं. गुलजारांनी 'दो दूनी चार रिटर्न्स' काढला नव्हता.

1979 च्या 'गोलमाल'मधली, बिनमिशीचा जुळा भाऊ असल्याची थाप मारायची कल्पना 'बोल बच्चन'ने 2012 मध्ये घेतलीच ना? नाव बदललं, वातावरण बदललं, गल्ला शंभर कोटींच्या पुढे गेला, कुणी ब्र काढला नाही. पुढच्याच वर्षी 'चश्मे बद्दूर' त्याच नावाने आला आणि लोक खवळले. नाव घेतलंत की त्या नावाला चिकटलेली सगळी माया तुम्ही उसनी घेतलीत. मग ती परत मागितली तर तक्रार कशाला?

कोपऱ्यातली खुर्ची

नावाचाच प्रश्न असता तर 'सर्कस' सुटला असता की. त्याचंही नाव वेगळं होतं. तरी धुतलाच लोकांनी.

मला वाटतं भानगड वेगळी आहे. 'अंगूर'मधला अशोक आठवा. डिटेक्टिव्ह कादंबऱ्या वाचून डोकं फिरलेला, बरोबर पैसे, बाग विकत घ्यायला निघालेला. अनोळखी गावात एक बाई त्याला नवरा समजून घरी नेते, आणि या गृहस्थाच्या चेहऱ्यावर एकच भाव, की एखाद्या गँगने सापळा लावलाय. आपण हसून लोळतो, पण संजीवकुमार एकदाही 'बघा किती गंमत चाललीय' असा चेहरा करत नाही. त्याच्या लेखी तो रहस्यपटात आहे. त्याचा नोकर बहादूर भज्यांत भांग घालतो तेही संकटातून सुटायचा उपाय म्हणून.

आता 'सर्कस'. एक भाऊ उघड्या तारा धरतो, दुसऱ्याला दुसरीकडे झटके बसतात, त्याला हात लावणारा प्रत्येक जण थडथडतो. एकदा हसू येतं. मग पुन्हा तेच, पुन्हा तेच. वर जुळ्यांची अदलाबदल कशी झाली हे सांगायला एक डॉक्टर मुद्दाम ठेवलाय, कारण प्रेक्षकाला काही कळणार नाही ही खात्री. लोकांना राग आला तो कथा वापरल्याचा नाही, आपल्याला बावळट समजल्याचा.

पिटातला पब्लिक

+१ कोपऱ्यातली खुर्ची. हॉलिवूडमध्येही हेच दिसतं. 'नेकेड गन' हा विनोदी पोलीसपट 2025 मध्ये पुन्हा आला तेव्हा लेस्ली निल्सनच्या जागी लियाम नीसन हे ऐकून मी कपाळावर हात मारला होता. पण निवड अचूक. निल्सनही 1980 च्या 'एअरप्लेन'पर्यंत गंभीर भूमिका करणाराच नट होता. ज्याचा चेहरा बघून कुणी हसत नाही, त्याच्याच तोंडी खुळचट वाक्यं शोभतात. रिबूट करणाऱ्यांनी तेवढं तरी ओळखलं होतं.

मध्यंतर

ठीक, पण मग 1981 च्या मूळ 'चश्मे बद्दूर'मधलं 'चमको'वालं दृश्य घ्या. दारात धुण्याची पावडर विकायला आलेली मुलगी, तिला तोंड चुकवून आत लपलेले दोन मित्र, आणि भलत्याच गांभीर्याने प्रात्यक्षिक बघणारा फारुख शेख. यात विनोद म्हणून लिहिलेलं वाक्य शोधून दाखवा. सगळा मामला दोघांच्या अवघडलेपणाचा. सई परांजपेंनी कॅमेरा तिथे थांबवला, घाई केली नाही. हे कुठला रिबूट कसं आणणार? 2013 च्या सिनेमात दर मिनिटाला यमक जुळवणारी वाक्यं आहेत, शांत क्षण एक नाही. जमतच नसेल तर करू नये, एवढं साधं आहे.

नवी पिढी जिंदाबाद

सगळे जाणकार जमलेत म्हणून भीत भीत लिहिते. मी 2013 चा आधी पाहिला आणि मला तो आवडला होता. अजूनही टीव्हीवर लागला तर बघते. त्यानंतर कुतूहल वाटलं म्हणून 1981 चा पाहिला, तोही आवडला, जरा संथ वाटला. आता मला फाशी द्या.

आणि चाहत्यांचा राग म्हणजे काही पवित्र गोष्ट नव्हे हो. 2016 च्या 'घोस्टबस्टर्स' रिबूटमध्ये पुरुषांच्या जागी चार बायका घेतल्या म्हणून ट्रेलरवर नापसंतीचा पाऊस पडला, त्यातल्या लेस्ली जोन्सला तर इतकी घाण शिवीगाळ झाली की ती काही काळ ट्विटर सोडून गेली. तो सिनेमा कसाही असो, ती काय मूळ कलाकृतीवरची माया होती?

मध्यंतर

ती माया नव्हतीच, ती विकृती होती. पण तिचं बिल इथल्या साध्या प्रेक्षकाच्या नावावर फाडू नका.

शेवटची रांग

@मध्यंतर, 'जमत नसेल तर करू नये' हे सिनेमा बनल्यावर कळतं, आधी नाही. 1968 च्या फसलेल्या प्रयत्नानंतर गुलजारांनाही कुणीतरी हेच सांगितलं असतं. आणि 5 एप्रिल 2013 ला नव्याबरोबर जुना 'चश्मे बद्दूर'ही धुऊनपुसून पुन्हा थिएटरात लागला होता. रिबूट नसता तर मोठ्या पडद्यावर तो कुणी लावला असता?

कोपऱ्यातली खुर्ची

मला खरी उत्सुकता 'बनवाबनवी'ची आहे. कुणी ना कुणी करणारच एक दिवस. 'धनंजय माने इथेच राहतात का' हे पत्ता विचारणारं साधं वाक्य. कागदावर त्यात काय आहे? कुणीही नवा नट ते म्हणेल तेव्हा थिएटरात टाळ्या पडतील, हसू नाही. म्हणजे संवाद उचलून उपयोग नाही. पण गोष्टीची मूळ अडचण अजून जशीच्या तशी आहे. घरमालकीण फक्त जोडप्यांनाच जागा देणार, एकट्या पोरांना नाही. हे आजही चालतंच.

नवी पिढी जिंदाबाद

अडचण तीच, उपाय मात्र तोच चालेल का? पुरुषाने साडी नेसली एवढ्यावरच हसायचं असेल तर आज बरेच जण तोंड वाकडं करतील.

पिटातला पब्लिक

अहो, 'बनवाबनवी'त साडीवर हसू कुठे येतं? पार्वतीच्या डोहाळजेवणात सगळ्या बायका मनापासून कौतुक करतात आणि लक्ष्या त्यांच्या मधोमध अडकलाय. हसू येतं ते थाप इतकी पुढे गेली की आता माघार नाही याचं. ते कधीही चालेल.

मध्यंतर

चालेल. फक्त पोस्टरवर 'बनवाबनवी' लिहू नका, मी पहिल्या दिवशी तिकीट काढतो.

शेवटची रांग

आणि नाव वेगळं ठेवलं की दुसऱ्या दिवशी तुम्हीच 'चोरी, चोरी' म्हणून नवा धागा काढाल.