बायप्लेनचा सीजी नेमका कुठून मोजायचा?

जिंतूरकर:
राम राम मंडळी, परभणीहून लिहायलोय. थर्माकोल आन् सनपॅकचं (प्लास्टिकच्या पोकळ शीटचं) टायगर मॉथ, म्हणजे एकावर एक दोन पंख असलेल्या जुन्या विमानाचं (बायप्लेनचं) मॉडेल बनवायलोय, दोन्ही पंख सारखेच, रुंदी 18 सेंमी, वरचा पंख खालच्याच्या 6 सेंमी पुढं. आजवर एकाच पंखाची विमानं उडवली, तिथं पुढच्या काठापासून पाव रुंदी मागं सीजीची, म्हणजे जिथं विमानाचा तोल साधतो त्या गुरुत्वमध्याची, खूण केली की काम भागतं. इथं पाव कुणाचा धरावा तेच कळंना. वरच्या पंखाचा धरला तर वरच्या काठापासून, म्हणजे वरच्या पंखाच्या पुढच्या काठापासून, साडेचार सेंमी येतंय, खालच्याचा धरला तर तिथूनच साडेदहा. एवढ्या फरकात काय करावं माणसानं? रंग वाळलाय, रविवारी उडवायचं डोक्यात हाय.

बाल्सावाला_लातूर:
दोन्हीचा धरा भाऊ. लिफ्ट, म्हणजे विमान वर उचलणारा जोर, दोन्ही पंख मिळून देणार, मग सीजी एकट्याच्या हिशोबानं कसा बसंल? दोन्ही पुढच्या काठांच्या मधोमध, म्हणजे वरच्या काठापासून 3 सेंमी मागं एक खोटा पंख हाय असं समजा आन् त्याचा पाव घ्या. 3 आन् साडेचार, साडेसात झाले. खालचा पंख लहान असता तर मधोमध न धरता वरच्याकडं सरकावं लागलं असतं, क्षेत्रफळाच्या प्रमाणात.

पण पंख सरळ ठेवलेत का मागं कललेले? खऱ्या टायगर मॉथमधे पुढच्या सीटवरच्याला पॅराशूट घेऊन बाहेर पडता यावं मनून वरच्या पंखाचा मधला भाग पुढं सरकवला, त्यानं लिफ्ट बी पुढं गेली, ती परत जागेवर आणायला पंख मागं कलवले. 1931 ची गोष्ट. तुमचे कललेले असतील तर मापं बॉडीपाशी घेऊ नका, पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत जे अंतर त्याच्या निम्म्यावर घ्या आन् तिथून काटकोनात रेघ बॉडीवर आणा.

वावरातला_पायलट:
एवढा हिशोब कामून करायलात? वरच्याचा पुढचा काठ ते खालच्याचा मागचा काठ टेप लावा, 24 भरंल, त्याचा पाव 6. आमच्याकडं सगळे असंच करतात आन् विमानं उडतात की.

बाल्सावाला_लातूर:
उडतात, पण नाक जड राहतंय ना दादा. उतरताना एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) पार वर ओढला तरी नाक उचलत नाही, मग काळ्या मातीत चाक रुतलं की प्रोपेलर गेलाच. पहिल्या फ्लाइटला 7 धरा, मग बॅटरी थोडी थोडी मागं. साडेसातच्या मागं घाईनं जाऊ नका, शेपूट जड झालेलं विमान हातात राहत नाही.

नांदेड_आरसी:
आन् हे बोटावर तोलू नका, खालच्या पंखाखाली बोटं लावली की सगळं वजन वर राहतं, विमान लगेच कलंडतंय. किचनचा वजनकाटा घ्या. शेपटीखाली पुस्तकं लावून विमान लेव्हल करा, शेपटीवर किती ग्रॅम येतंय ते बगा, त्याला चाकाच्या आसापासून शेपटीच्या टेकूपर्यंतच्या अंतरानं गुणा, एकूण वजनानं भागा. येईल तेवढा आसाच्या मागं सीजी. बॅटरी आत ठेवूनच करा बरं का.

जिंतूरकर:
केलं. पंख सरळच हायेत. एकूण 1200 ग्रॅम, शेपटीवर 120, अंतर 64. म्हणजे आसाच्या मागं 6.4, आन् आस वरच्या काठाच्या मागं अडीच. 8.9 आला! बॅटरी 180 ग्रॅमची, ती पुढं 6 सेंमीच सरकते, मग मोटर आडवी येती.

नांदेड_आरसी:
त्यानं 0.9 कमी झालं, 8 वर आलात. राहिलेल्या एका सेंमीला नाकात साधारण 55 ग्रॅम शिसं लागंल, नाक वरच्या काठाच्या 15 सेंमी पुढं धरलं तर. टायरवाल्याकडं चाक बॅलन्स करायचे चिकट तुकडे मिळतात. पण आधी शेपटी हलकी करून बगा, तिथले 20 ग्रॅम काढले तरी तेवढंच काम होतंय. सर्व्हो (शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मागं बसवलेत का?

जिंतूरकर:
हाव, दोन्ही मागंच हायेत. काढून पुढं घेतो, तारा लांब कराव्या लागतील.