तान्ह्या बाळाला दुधाची ॲलर्जी: तुमचे अनुभव सांगा

लेक चार महिन्यांची आहे, फक्त अंगावर पिते. शीमध्ये शेंबडासारखं चिकट आणि मधेच रक्ताची बारीक रेघ, गाल लाल आणि खरखरीत. डॉक्टरांना गाईच्या दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी वाटतेय, म्हणून मलाच दूध-दही-तूप सगळं बंद करायला सांगितलंय. घरी एकच पालुपद, "आईचं दूध कधी बाधतं का गं?" औषधपाणी डॉक्टर सांगतील तसंच करणार, पण ज्यांच्याकडे हे होऊन गेलंय त्यांनी काय खाल्लं, कसं निभावलं ते लिहा प्लीज.

बोरिवलीची आई
आईचं दूध नाही बाधत, आपण प्यायलेल्या दुधाचं प्रोटीन थोडं त्यातून उतरतं, ते बाधतं. त्यामुळे अंगावर पाजणं अजिबात थांबवू नकोस. माझ्या बाळंतपणात तर रोज वाटीभर हळिवाची खीर, तुपातला शिरा, वर ग्लासभर दूध, म्हणजे घरचे कौतुकाने घालत होते आणि बाळ रात्रभर कळवळत होतं. बंद केल्यावर रक्त लवकर थांबलं, गालांना मात्र बरेच आठवडे लागले. मग डॉक्टरांनी मुद्दाम मला परत दूध प्यायला लावलं, सासूबाई म्हणाल्या हा काय चावटपणा, पण शी पुन्हा बिघडली आणि तेव्हाच निदान पक्कं झालं. हळीव मी नारळाच्या पाण्यात भिजवून गूळ-खोबऱ्यात लाडू वळायचे, तूप न घालता. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, आणि कॅल्शियमची गोळी डॉक्टरांनी दिलेली.

लालबागकर
आमचं प्रकरण वेगळं. उष्टावणाला मामाने चमचाभर खीर भरवली आणि फोटो काढून होईपर्यंत ओठ सुजले, पोटापाठीवर गांध्या, मग उलटी. टॅक्सी करून पळालो. असा लगेच उठणारा प्रकार असेल तर घरी 'थोडंसं देऊन बघू' अजिबात नको, पुढची चाचणी हॉस्पिटलातच. श्वासाला घरघर लागली किंवा बाळ गळून गेलं तर सरळ इमर्जन्सी, तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन देतात. गणपतीत चाळभर पेढे, आणि प्रसादाला नाही कोण म्हणणार? शेवटी झबल्याला कागद टाचला, "मला दूध चालत नाही." काकू वाचून हसल्या पण पेढा खाली ठेवला.

धागा काढणारी
रक्ताची आयजीई टेस्ट (लगेच उठणारी ॲलर्जी पकडणारी) निगेटिव्ह आलीय, सासरे म्हणतात झालं, ॲलर्जी नाहीच.

बोरिवलीची आई
उशिरा त्रास देणाऱ्या प्रकारात ती टेस्ट निगेटिव्हच येते, आमचीही आली होती. बंद करून बघणं आणि परत सुरू करून बघणं हीच खरी परीक्षा, आणि तीही डॉक्टरांना विचारूनच.

पार्ल्याचा बाबा
आमचा वरच्या दुधावर. केमिस्टने लॅक्टोज-फ्री डबा दिला, काही फरक नाही, कारण लॅक्टोज ही साखर आणि भांडण प्रोटीनशी! मग एकजण म्हणे शेळीचं द्या, दुसरा म्हणे जोगेश्वरीच्या तबेल्यातलं ताजं म्हशीचं द्या. डॉक्टरांनी दोन्हीवर काट मारली, ती प्रोटीन्स इतकी मिळतीजुळती की बहुतेक बाळांना तीही बाधतात. सोयाही सहा महिन्यांच्या आत नको म्हणाले. प्रोटीनचे बारीक तुकडे केलेली स्पेशल पावडर सुरू झाली, तिचा वास असा की बाटली धुताना मलाच मळमळायचं, महाग तर इतकी की डब्यात चमचा खरवडायचो. शी हिरवट झाली, पण त्या पावडरीने तसं होतं असं कळल्यावर जीव भांड्यात पडला. आणि हो, पाळणाघरातल्या ताईंना लेखी द्या, तोंडी सांगितलेलं दुपारपर्यंत टिकत नाही.

मुलुंडची मावशी
माझा भाचा आता दीड वर्षाचा, सध्या 'पायऱ्या' चालू आहेत. बिस्किटात भाजलं गेलेलं दूध आधी, कारण भट्टीच्या उष्णतेने त्यातलं काही प्रोटीन बदलतं आणि पुष्कळ पोरांना ते चालतं, मग पॅनकेक, मग चीज-दही, साधं दूध अगदी शेवटी. सर्दी-ताप असेल तर पुढची पायरी थांबते. लालबागकरांसारखं लगेच सुजणाऱ्यांनी हे घरी करू नये. पाकिटावर दूध शब्द नसला तरी व्हे, केसिनेट, मिल्क सॉलिड्स शोधा, खारी-पाव घेताना बेकरीवाल्याला विचारा. बहुतेक पोरं पाच वर्षांच्या आत यातून बाहेर येतात असं डॉक्टर सांगतात. आमचा बिस्किटावर पास, पॅनकेकला पुरळ आलं म्हणून परत एक पायरी खाली.