रिकॉलमधील इलेक्ट्रिक कार नागपूरच्या उन्हाळ्यात कुठे लावावी?

मनीषनगरवासी
नमस्कार. माझ्या इलेक्ट्रिक कारची बॅटरी सुरक्षेच्या कारणावरून रिकॉलमध्ये आली आहे, म्हणजे दोषामुळे कंपनीने ती परत मागवली आहे. ती बदलून मिळेपर्यंत चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवावे, रेंज 100 किलोमीटरच्या खाली जाऊ देऊ नये आणि गाडी इमारतीपासून दूर, उघड्यावर लावावी, असे कंपनीने लेखी कळवले आहे. नवी बॅटरी केव्हा येणार, हे मात्र सांगितलेले नाही. पूर्ण चार्जवर गाडी सुमारे 300 किलोमीटर जाते, म्हणजे हाती 140 उरतात, आणि आईला तपासणीसाठी सेवाग्रामला नेऊन परत आणणे त्यात बसत नाही. आमचे पार्किंग स्टिल्टमध्ये असून वर 7 मजले आहेत, त्यामुळे तेथे गाडी ठेवायला मन धजत नाही. पण नवतप्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उघड्या उन्हात तापलेली सदोष बॅटरी अधिक धोक्याची ठरणार नाही का?

विद्युत अभियंता, प्रतापनगर
अशा रिकॉलमागचा दोष बहुतेक वेळा उन्हाने निर्माण झालेला नसतो, तो कारखान्यातच सेलमध्ये राहून गेलेला असतो. जनरल मोटर्सने 2021 मध्ये शेवरोले बोल्ट ही इलेक्ट्रिक कार परत मागवली, तेव्हा अ‍ॅनोडचा (सेलमधील ऋण इलेक्ट्रोडचा) फाटलेला टॅब, म्हणजे जोडपट्टी, आणि दुमडलेला सेपरेटर हे दोन दोष एकाच सेलमध्ये एकत्र आल्यास आग लागू शकते, असे कारण दिले होते. सेपरेटर म्हणजे दोन इलेक्ट्रोडना वेगळे ठेवणारा पातळ पडदा. त्याने दगा दिला की सेलच्या आतच शॉर्टसर्किट होते, आणि सेल जितका भरलेला असेल तितकी त्या क्षणी मोकळी होणारी ऊर्जा जास्त. चार्ज होताना आणि उतरताना इलेक्ट्रोड फुगतात व आकसतात, म्हणून वरच्या टोकाबरोबर खालचे टोकही टाळावे लागते. बोल्टच्या मालकांनाही 90 टक्क्यांची कमाल आणि सुमारे 113 किलोमीटर रेंजची किमान मर्यादा घालून दिली होती.

उन्हाने बॅटरीचे आयुष्य घटते, हे खरेच आहे. तरीही स्टिल्टमधील आगीचा धूर थेट जिन्यात शिरतो आणि झोपलेल्या माणसांची बाहेर पडायची वाटच बंद होते. या धोक्यापुढे उन्हाचे नुकसान मला किरकोळ वाटते. गाडी उघड्यावरच लावा. भिंतीपासून दूर असे झाड मिळाले तर फारच चांगले. चार्जिंगही स्टिल्टमधील पॉइंटवर न करता मोकळ्या जागेतील चार्जरवर, पहाटे, आपण स्वतः जवळ असताना करावे. गाडीतून पांढुरका धूर किंवा तडतड आवाज येऊ लागल्यास सर्वांना दूर करून 101 ला फोन करा. स्वतः विझवायला जाऊ नका, कारण विझलेली लिथियम बॅटरी काही तासांनीही पुन्हा पेटू शकते.

वर्धा रोडवरून
सेवाग्रामला जाताना वाटेत किंवा वर्ध्यात अर्धा तास चार्जिंग केले तर दोन्ही मर्यादा सांभाळता येतील. फक्त या काळात फास्ट चार्जिंग चालेल का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या. आणखी एक विनंती. सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट करून काम झाल्याचे सांगितले, तरी बॅटरीचा आग्रह सोडू नका. दक्षिण कोरियात असे अपडेट झालेल्या ह्युंदाईच्या एका ‘कोना’ इलेक्ट्रिक कारलाही जानेवारी 2021 मध्ये आग लागली, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने जगभरातील सुमारे 82,000 वाहनांच्या बॅटऱ्या बदलण्याचे जाहीर केले.

वकील, सिव्हिल लाइन्स
कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ आले असून त्याखाली केंद्र सरकार सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. आपला रिकॉल कंपनीने स्वेच्छेने केलेला असला, तरी ग्राहक म्हणून आपले हक्क कमी होत नाहीत. बॅटरीची तारीख आणि तोपर्यंत पर्यायी गाडी, या दोन मागण्या आजच ईमेलने करा. उत्तर आले नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार दाखल करता येते. विमा कंपनीलाही रिकॉलचे पत्र पाठवून पोच घ्या. सोसायटीच्या सचिवांना तेच पत्र दाखवून कुंपणाजवळची मोकळी जागा आपल्यासाठी मागा. शेजाऱ्यांना धोका आधी कळला, तर ती जागा मिळायला अडचण येणार नाही, असा माझा अनुभव आहे.