डेथ ग्रिप्सच्या अल्बमची क्रमवारी: यादी द्या, पण जागा दाखवून

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचं त्रिकूट. शब्द आणि आरडाओरडा एमसी राइडचा, ड्रम झॅक हिलचे, कीबोर्ड आणि यंत्रांची जुळणी अँडी मोरिनची. २०१० च्या अखेरीस सुरुवात झाली आणि 'एक नंबर कोणता' यावर चाहत्यांची जुंपली ती आजतागायत. 'मनी स्टोअर सर्वात भारी, विषय संपला' छापाच्या याद्या उदंड झाल्या. इथे एकच अट: ज्या अल्बमला वर किंवा खाली टाकाल, त्यातलं एक गाणं आणि त्यातली जागा सांगा. ऐकण्यात कुठे गफलत होते तेही लिहा. बाकी भांडा खुशाल. (खाली प्रत्येक चांदण्यांच्या ओळीनंतर नवा चाहता बोलतो.)

* * *

भांडण्याआधी मोजायचं काय ते ठरवा, नाहीतर बेरजाच जुळत नाहीत. साधारणपणे धरतात ते सात: एक्समिलिटरी (२०११), द मनी स्टोअर (एप्रिल २०१२), नो लव्ह डीप वेब (ऑक्टोबर २०१२), गव्हर्न्मेंट प्लेट्स (२०१३), द पॉवर्स दॅट बी (२०१५), बॉटमलेस पिट (२०१६), इयर ऑफ द स्निच (२०१८). पहिलाच घोळ एक्समिलिटरीचा. तो अधिकृतपणे मिक्सटेप (रीतसर अल्बमऐवजी, बहुधा फुकट सोडलेला गाण्यांचा संच) आहे, अल्बम नाही, म्हणून काही जण वगळतात. तेरा गाणी, पाऊण तासाहून जास्त, सुरुवात-मध्य-शेवट सगळं आहे. कागदावर नाव काय आहे यावरून वगळणं म्हणजे पत्रिका पाहून माणूस नाकारणं.

दुसरा घोळ जास्त मोठा. द पॉवर्स दॅट बी दुहेरी आहे. पहिली तबकडी जून २०१४ मध्ये फुकट आली, दुसरी म्हणजे जेनी डेथ मार्च २०१५ मध्ये. गुण असे: शेवटच्या स्थानाला १, वर प्रत्येक पायरीला एक जास्त. समजा एकाने दोन्ही वेगळ्या धरून आठ नोंदींची यादी केली: जेनी डेथ दुसरी (७ गुण), पहिली तबकडी आठवी (१ गुण). दुसऱ्याने एकत्र धरून सातांची यादी केली आणि दुहेरीला तिसरं स्थान दिलं (५ गुण). पहिल्याची सरासरी येते ४, दुसऱ्याचे ५. आता गंमत बघा, जेनी डेथवर जास्त प्रेम पहिल्याचं आहे, पण बेरजेत तो मागे! शिवाय पहिल्याचा अव्वल अल्बम ८ गुण नेतो, दुसऱ्याचा ७. म्हणून सगळ्यांनी आठच नोंदी धरा, तबकड्या वेगळ्या. न ऐकलेल्याला शेवटचं स्थान देऊ नका, ती जागा कोरी सोडा.

फॅशन वीक (जानेवारी २०१५) शब्दांविना आहे, तो यादीबाहेर. त्यातल्या चौदा तुकड्यांच्या नावांची शेवटची अक्षरं जोडली की 'जेनी डेथ व्हेन' असा प्रश्न तयार होतो. चाहते तोच प्रश्न विचारून बँडला भंडावून सोडत होते. बँडने त्याचीच नावं करून परत फेकली.

* * *

आठ नोंदी मान्य. पण त्याआधी आवाज सारखा करा.

हे लोक ध्वनी मुद्दाम फाटेपर्यंत ताणतात, पण सगळ्या अल्बममध्ये सारखा नाही. दोन अल्बम पाठोपाठ लावले आणि एकाचा आवाज एक-दोन डेसिबलने जास्त असला, तर कानाला तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. निम्म्या याद्या इथेच बिघडतात. स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर सेटिंगमध्ये आवाज समान करण्याची सोय चालू करा आणि अल्बम सलग लावा. गाणी सरमिसळ करून लावली तर काही ठिकाणी ती सोय प्रत्येक गाणं वेगळं मोजते. मग अल्बममधला मुद्दाम हळू ठेवलेला भागही वर ओढला जातो. स्वतःच्या फायली असतील तर प्लेअरमध्ये रिप्लेगेन (आवाज समान करणारी सोय) 'अल्बम'वर ठेवा, 'ट्रॅक'वर नको.

आणि इक्वलायझर सपाट. 'बास बूस्ट' चालू ठेवून नो लव्ह डीप वेबवर मत देणाऱ्याला मताधिकार नाही.

* * *

बरं झालं नाव काढलंत. नो लव्ह डीप वेब माझ्याकडे पहिला, आणि बहुतेक याद्यांत तो चौथा-पाचवा का पडतो त्याचं कारण साधं आहे: लोक तो फोनवर ऐकतात.

या अल्बमचा सांगाडाच खालच्या बासचा आहे. वर फारसं काही नाही. मनी स्टोअरसारखे चकचकीत सिंथ नाहीत, सँपलची (दुसऱ्या ध्वनिमुद्रणांतून उचललेल्या तुकड्यांची) गर्दी नाही. खाली घरघरणारा बास, मध्ये राइडचा आवाज, आणि ड्रम. फोनचा किंवा लॅपटॉपचा स्पीकर साधारण १५०-२०० हर्ट्झच्या खाली जवळपास गप्प असतो. तिथे 'नो लव्ह' लावलं तर इमारतीचे खांब काढून फक्त प्लास्टर बघितल्यासारखं होतं. मग शेरा येतो, 'रिकामा वाटतो'. वाटणारच. बंद कपांचे हेडफोन घ्या, किंवा इयरफोनच्या रबरी टोप्या कानात नीट बसतायत का बघा. टोपी सैल असली की सगळ्यात आधी बासच गळतो.

दुसरी गोष्ट ड्रमची. बँडने स्पष्ट सांगितलं होतं की या अल्बममधले सगळे ड्रम हिलने स्वतः वाजवलेत, काही रोलंडच्या व्ही-ड्रम्सवर (इलेक्ट्रॉनिक ड्रमवर), काही साध्या सेटवर. यंत्राला ठोका लावून दिलेला नाही. हे माहीत असलं की ऐकणं बदलतं. 'लॉक युअर डोअर्स'मध्ये फक्त स्नेअर (सेटमधला कडक वाजणारा ड्रम) पकडा. आवाज यंत्राचा, पण हात माणसाचा: प्रत्येक ठोका घड्याळावर पडत नाही, केसभर आधी झुकतो. म्हणूनच तो अल्बम मानगुटीवर बसल्यासारखा वाटतो. शेवटचं 'आर्टिफिशियल डेथ इन द वेस्ट' जवळपास सहा मिनिटं एकाच थंड सुरावर चालतं. कुठेही फुटत नाही. बाकीचा अल्बम ओरडून झाल्यावर ही शांतताच जास्त भीतीदायक आहे.

* * *

रेकॉर्ड कंपनीला न विचारता अल्बम इंटरनेटवर सोडून दिला, मुखपृष्ठावर जे छापलं ते इथे वर्णन करण्यासारखं नाही, मग त्या कंपनीशी, म्हणजे एपिकशी, काडीमोड झाला. या सगळ्या तमाशाचे किती गुण नो लव्हला मिळतात तेही बघा. मुखपृष्ठ बाजूला ठेवून 'स्टॉकटन' आणि 'पॉप' एवढी दोनच ऐका आणि सांगा, ती मनी स्टोअरमध्ये शिरली असती का?

मनी स्टोअर पहिला. ४१ मिनिटं, तेरा गाणी, एकही भरतीचं नाही. सहावं 'आयव्ह सीन फुटेज' चक्क नाचायला लावतं, आणि बरोबर त्यानंतर दोन गाण्यांनी 'सिस्टिम ब्लोअर' येऊन अंगावर पडतं. त्यात व्हीनस विल्यम्सचा टेनिस खेळतानाचा हुंकार आणि व्हँकुव्हरच्या स्कायट्रेनचा आवाज सँपल म्हणून वापरलाय. एकदा कळल्यावर ते कानाआड करता येत नाहीत. मेट्रोची घरघर त्यांनी ठेक्यात बसवली, त्याला अजून काय पुरावा पाहिजे?

* * *

मनी स्टोअरच्या पहिल्या क्रमांकामागे यूट्यूबवरचा संगीत समीक्षक अँथनी फँटानो याने २०१२ मध्ये दिलेले दहापैकी दहा आहेत, हेही मांडा की. त्या आकड्याने कितीतरी लोकांचे कान आधीच ठरवून टाकले. अल्बम उत्तम आहे, वाद नाही. पण पहिल्या ऐकण्यात सर्वात सोपा तोच आहे, आणि सोपं ते पहिलं हा ऐकण्याचा क्रम झाला, गुणवत्तेचा नाही.

माझं मत एक्समिलिटरीला. याला वर टाकणाऱ्यांना 'जुनं ते सोनंवाले' म्हणतात. म्हणोत. सँपल कसं वापरायचं याचा तो वस्तुपाठ आहे. 'बिवेअर' खुनी पंथाचा म्होरक्या चार्ल्स मॅन्सन याच्या मुलाखतीतल्या तुकड्याने सुरू होतं आणि त्याच्या पाठीशी जेन्स अॅडिक्शन या रॉक बँडची गिटार येते. 'क्लिंक'मध्ये ब्लॅक फ्लॅग, 'स्प्रेड ईगल क्रॉस द ब्लॉक'मध्ये लिंक रेचं 'रम्बल', 'कल्चर शॉक'मध्ये बोवी. रॉकचा अख्खा जुना बाजार उचललाय, पण लपवून नाही. 'रम्बल'ची गिटार तशीच्या तशी फिरत राहते आणि राइड तिच्यावर उभा राहतो. पुढच्या अल्बममध्ये सँपल इतकी चिरली की ओळख पटत नाही. इथे मूळ वस्तू दिसते आणि तिचं काय केलं तेही दिसतं.

एक व्यावहारिक अडचण: हा मिक्सटेप फुकट डाउनलोड म्हणून आला होता आणि काही स्ट्रीमिंग सेवांवर वर्षानुवर्षं नव्हताच. त्यामुळे 'सगळं ऐकलंय' म्हणणाऱ्यांच्या यादीत तो नसतो, किंवा कुठूनतरी मिळालेल्या खराब फायलीवरून त्याला 'गढूळ' म्हणतात. खूप दाबलेल्या एमपी३ मध्ये झांजा पाण्यातून वाजल्यासारख्या येतात. तसं ऐकू आलं तर तुमची फाइल खराब आहे, अल्बम नाही.

* * *

कुणीच न उचललेली बाजू घेतो: दुहेरीतली पहिली तबकडी. तिच्या नावातला शब्द इथे लिहिण्यासारखा नाही, म्हणून 'ब्यर्कवाली' म्हणू. आठ गाणी, अर्ध्या तासाच्या आसपास, आणि आठही गाण्यांत आइसलंडची गायिका ब्यर्क हिचा आवाज. लोक तिचं गाणं शोधतात, सापडत नाही आणि चिडून आठवा क्रमांक देतात. ती गातच नाही! तिच्या आवाजाचे बारीक तुकडे करून ते ताल-वाद्यासारखे वापरलेत आणि हिल पुन्हा व्ही-ड्रम्सवर आहे.

हे कसं चालतं ते कळलं तर तबकडी उलगडते. इलेक्ट्रॉनिक पॅडवर काडी पडली की जोडलेला आवाज सुटतो. तो ड्रमचा असलाच पाहिजे असं नाही. मानवी आवाजाचा तुकडा ड्रमपेक्षा लांब असतो, विझायला वेळ लागतो. हिलसारख्या वेगाने मारलं की पहिला तुकडा संपायच्या आत दुसरा सुटतो. मग दोनच वाटा: एकावर एक चढू द्यायचे, म्हणजे चिखल होतो, किंवा नव्या ठोक्याने जुना कापायचा, म्हणजे शब्द अर्ध्यात तुटतो आणि श्वासाचं नुसतं टोक उरतं. या तबकडीवर कानाला लागतात ती अशीच टोकं. 'बिली नॉट रिअली'मध्ये सूर आणि ठोका वेगळे काढताच येत नाहीत. तबल्याच्या सोलोला सवयीचा कान असेल तर हे लवकर जमतं: बोल म्हणून ऐका, गाणं म्हणून नको.

ऐकण्याची युक्ती: पहिल्या फेरीत राइडकडे दुर्लक्ष करा. दुसऱ्या फेरीत फक्त राइड. तिसऱ्या फेरीत क्रमांक द्या. एका फेरीत ही तबकडी कुणालाही आठवीच वाटेल.

* * *

तीन फेऱ्या मारून आठवीच राहिली तर?

* * *

तर आठवी. पण कानाने दिलेली.

* * *

जेनी डेथचा वाद शेवटच्या दोन गाण्यांचा आहे आणि तो कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतं. नववं 'ऑन जीपी', दहावं 'डेथ ग्रिप्स २.०'. 'ऑन जीपी'त खरी गिटार आहे, ऑर्गन आहे, आणि राइड पहिल्यांदाच आरडाओरड बाजूला ठेवून मरणाबद्दल सरळ बोलतो. अल्बमवर टेरा मेलॉस या बँडच्या निक राइनहार्टची गिटार आहे. 'बियाँड अलाइव्ह'पासून तिने अल्बमचा ताबा घेतलेला असतो. इतकं सगळं उघडं करून ठेवल्यावर लगेच २.० येतं: शब्द नाहीत, नुसती यंत्रांची धावपळ. अनेक जण इथे गुण कापतात. 'ऑन जीपी'वर संपायला हवं होतं म्हणे.

जुलै २०१४ मध्ये कागदी नॅपकिनवर चिठ्ठी लिहून बँडने 'आम्ही संपलो' असं जाहीर केलं होतं. हा अल्बम त्यानंतरचा. 'ऑन जीपी'वर थांबले असते तर ती निरोपाची सभा झाली असती, हारतुरे आणि डोळ्याला पदर. २.० ने ती उधळून लावली. म्हणून माझ्या यादीत जेनी डेथ पहिला, आणि तो २.० सकट.

* * *

जेनी डेथ माझ्याकडे २.० सकट तिसरा. 'व्हाय अ...'ने सुरू होणारं चौथं गाणं रेंगाळतं, आणि त्यावर कोणीच बोलत नाही.

गव्हर्न्मेंट प्लेट्सबद्दल थोडक्यात. 'राइड कमी आहे' ही तक्रार खरी, पण तो कमी नाही, कापलेला आहे. एक वाक्य घेऊन त्याचं चाक केलंय. काचेची बाटली फुटते तिथून सुरू होतो आणि पहिल्या गाण्याचं नाव म्हणजे बॉब डिलनच्या गाण्यातली लांबलचक ओळ. 'बर्ड्स' नीट ऐका, तीन वेळा चाल बदलते आणि एकदाही माफी मागत नाही. शब्दांसाठी येणाऱ्याने याला सहावा द्यावा, ध्वनीसाठी येणाऱ्याने दुसरा. मधला क्रमांक देणाऱ्याने तो ऐकलेला नसतो.

* * *

बॉटमलेस पिट नेहमी तिसरा-चौथा येतो, कारण कुणाचाच पहिला नाही आणि कुणाचाच शेवटचा नाही. सरासरीच्या गणितात असला अल्बम फुकटात वर चढतो. 'हॉट हेड'ची सुरुवात मात्र कुठल्याही यादीत चालेल: अर्थहीन बडबडीचा मारा, आणि मग अचानक मोकळं मैदान.

इयर ऑफ द स्निचला कमी लेखू नका. टूल या रॉक बँडचा बासवादक जस्टिन चान्सेलर आहे, डीजे स्वॉम्पचं स्क्रॅचिंग (तबकडी मागेपुढे घासून काढलेला आवाज) आहे, आणि 'डिलेमा'च्या सुरुवातीला चक्क 'श्रेक'चे दिग्दर्शक अँड्र्यू अॅडमसन बोलतात. बारावं गाणं 'आउट्रो', म्हणजे समारोप, आणि त्यानंतर तेरावं येतंच. 'स्ट्रीकी' पहिल्यांदा थट्टा वाटते, पाचव्यांदा गुणगुणली जाते. त्रास एवढाच की मिश्रण फार दाट आहे. आवाज वाढवला की आणखी कळेल असं वाटतं आणि उलटं होतं, सगळं एकमेकांत मिसळतं. हा एकटा अल्बम कमी आवाजात ऐका. 'द फिअर'मधला पियानो तेव्हाच वेगळा सुटतो.

माझी यादी: जेनी डेथ, स्निच, मनी स्टोअर, नो लव्ह, एक्समिलिटरी, प्लेट्स, पिट, ब्यर्कवाली. शेवटच्या दोघांची अदलाबदल तीन फेऱ्यांनंतर कळवतो.