डिग्री ॲप्रेंटिसशिप म्हणजे शिक्षण सोडणं नव्हे

"ए-लेव्हलला (इंग्लंडमधली आपल्या बारावीसारखी परीक्षा) इतके चांगले गुण, आणि मुलगा मोटार कारखान्यात ॲप्रेंटिस होणार?" बऱ्याच पालकांना वाटणारी ही काळजी मीही केली आहे. माझी लेक बर्मिंगहॅमजवळच्या एका कार कंपनीत डिग्री ॲप्रेंटिसशिपच्या, म्हणजे नोकरी करत पदवी घेण्याच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्याला ॲप्रेंटिस म्हटलं की आयटीआय आठवतो, तिथेच गल्लत होते. इंग्लंडमध्ये २०१५ पासून सुरू झालेल्या या प्रकारात शेवटी रीतसर इंजिनिअरिंगची पदवी मिळते. फी मुलांनी भरायची नसते, वर दरमहा पगार.

कष्ट मात्र खूप. पहाटेची पाळी करून आल्यावर असाइनमेंट लिहिताना ती टेबलावरच झोपलेली मी पाहिली आहे. पण ती शिकतेय ते वेगळंच. एकदा दार आणि बॉडीमधली फट अर्धा मिलिमीटर जास्त भरली. हिला वाटलं, दारच सदोष. शेजारच्या जुन्या कामगाराने बिजागरीचे बोल्ट सैल केले, दार किंचित उचलून धरलं आणि हिला आवळायला सांगितलं. टॉर्क रेंच (ठरलेला जोर लागला की आवाज करणारा पाना) 'कट्' वाजला, फट बरोबर! टॉलरन्सचं, म्हणजे मापात किती फरक चालतो याचं, गणित तिला त्या दिवशी हाताने कळलं. घरी येऊन तासभर तेच सांगत होती.

अर्ज थेट कंपनीकडे करायचा असतो, आणि जागा थोड्या असतात. त्यामुळे ए-लेव्हलचं शेवटचं वर्ष सुरू झाल्यापासूनच कंपन्यांच्या साइट बघत राहा. भारतातून स्टुडंट व्हिसावर येऊन हे करता येत नाही. साधारणपणे तीन वर्षांचं इथलं वास्तव्य लागतं.